पाणथरीतला एक थेंब

रुग्णाला उताणे झोपवतात. डाव्या फासळ्यांखाली हाताने चाचपून पाणथरीची कड कुठवर आली आहे ते पाहतात आणि कातडीवर पेनाने तिची रेघ ओढतात. काळा आजार मुरलेला असेल तर ही रेघ बेंबीपर्यंत येते, कधी तिच्याही खाली उतरते. रक्त गोठायला किती वेळ लागतो, प्लेटलेट किती आहेत, हे आधीच तपासलेले असते, कारण पाणथरीतून रक्त वाहू लागले तर ते थांबवणे महाकठीण. मग रुग्णाला श्वास रोखून धरायला सांगतात. बारीक सुई आत जाते, सिरिंजचा दट्ट्या किंचित मागे ओढला जातो, सुई बाहेर येते. या सगळ्याला एक सेकंदही लागू द्यायचा नसतो. सुईच्या पोकळीत जेमतेम एक थेंब आलेला असतो. तो काचपट्टीवर पसरून गिम्झाच्या रंगाने रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली मोठाल्या पेशी दिसतात आणि त्यांच्या पोटात फिकट निळे गोल दाणे दिसतात, दोन-तीन मायक्रॉनचे. प्रत्येक दाण्यात दोन ठिपके असतात, एक गोल आणि एक काडीसारखा. हाच लिशमॅनिया डोनोव्हानी.

बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या काळा आजार संशोधन केंद्रात असे असंख्य थेंब तपासले गेले. निदानासाठी हवे होते तेवढे उत्तर त्यांनी दिलेच. पण त्यातल्या काही थेंबांना एक वेगळा प्रश्न विचारला गेला. या पेशी एकमेकींना काय सांगत आहेत? आजारी माणसाच्या पाणथरीत कोणते निरोप फिरत आहेत, आणि त्या निरोपांमुळे परजीवी मरतो आहे की पोसला जातो आहे? या प्रश्नापर्यंत पोचायला वैद्यकशास्त्राला शंभर वर्षे लागली. उत्तर मिळाले तेव्हा प्रयोगशाळेतल्या उंदरांवर उभी राहिलेली एक देखणी मांडणी या गरीब माणसांच्या थेंबांपुढे टिकली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आसामच्या गारो टेकड्यांत काळ्या आजाराचा ताप पसरला तेव्हा लोक त्याला ‘सरकारी बिमारी’ म्हणत. सरकारचे अधिकारी, रस्ते आणि आगबोटी आल्या आणि त्यांच्यामागोमाग ताप आला, असा त्यांचा अनुभव होता. महिनोन् महिने ताप, अंगाचा सापळा, फुगलेले पोट, काळवंडलेली कातडी आणि शेवटी न्यूमोनियाने किंवा हगवणीने मृत्यू. आसामच्या नौगाव जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत ३ लाख ४७ हजार होती, ती १९०१ मध्ये २ लाख ६१ हजारांवर आली. दहा वर्षांत चारातला एक माणूस नाहीसा झाला, गावेच्या गावे ओस पडली.

कारण सापडले १९०३ मध्ये, दोन ठिकाणी. कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीतून आजारी होऊन मायदेशी गेलेला एक सैनिक इंग्लंडमध्ये नेटलीच्या लष्करी रुग्णालयात १९०० साली मरण पावला होता. त्याच्या पाणथरीत विल्यम लिशमन यांना ते दाणे दिसले होते. तीन वर्षांनी, मे १९०३ मध्ये, त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्यानंतर काही आठवड्यांतच मद्रासच्या सरकारी रुग्णालयात चार्ल्स डोनोव्हान यांनी तेच दाणे आधी शवविच्छेदनात आणि मग जिवंत रुग्णाच्या पाणथरीत दाखवले. रोनाल्ड रॉस यांनी दोघांची नावे जोडून परजीवीचे बारसे केले. लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०४ मध्ये कलकत्त्यात तो प्रयोगशाळेत वाढवला आणि त्याचे दुसरे रूप समोर आले, शेपटी असलेले आणि वळवळणारे. हे रूप वाळूमाशीच्या पोटात असते. मात्र वाळूमाशीच हा आजार माणसाला देते हे निर्विवाद सिद्ध व्हायला १९४२ साल उजाडले.

औषध त्याच्याआधी आले, आणि ते आपल्या माणसाने शोधले. कलकत्त्याच्या कॅम्बेल रुग्णालयातल्या एका कोंदट खोलीत, जिथे ना गॅसची जोडणी होती ना पाण्याचा नळ, उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कंदिलाच्या उजेडात अँटिमनीची एकामागून एक संयुगे तयार केली. त्यातून १९२० मध्ये युरिया स्टिबामाइन हाती आले. उपचाराविना शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण दगावत, त्या आजारात आता बहुसंख्य वाचू लागले. ब्रह्मचारींना नोबेल मिळायला हवे होते असे मला मनापासून वाटते. लाखो जीव वाचवणाऱ्या शोधाला त्याहून मोठा दाखला कोणता हवा?

पण औषध लागू पडले म्हणून कोडे सुटले नव्हते. हा परजीवी राहतो कुठे, ते पाहा. शरीरात शिरलेले जंतू गिळून पचवण्याचे काम ज्या पेशींचे, त्या महाभक्षक पेशींच्याच पोटात तो राहतो. मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत या भक्षक पेशी काट्याभोवती गोळा होताना पाहिल्या, तेव्हापासून त्या शरीराचे शिपाई मानल्या गेल्या. लिशमॅनिया त्या शिपायाच्या पोटातल्या आम्लाच्या पिशवीत बसून दुणावत जातो. चोराने पोलीस चौकीतच बिऱ्हाड करावे, तसे. आणि दुसरे कोडे त्याहून गहन. परजीवी अंगात शिरलेल्या सगळ्यांना काळा आजार होतच नाही. भारत आणि नेपाळमधल्या पाहण्यांनुसार, एक माणूस आजारी पडतो तेव्हा आठ-नऊ जणांना संसर्ग होऊनही काहीच होत नाही. त्यांच्याही महाभक्षक पेशी त्याच, परजीवीही तोच. मग फरक कशात?

फरक निरोपात आहे, हे कळायला १९८० चे दशक यावे लागले.

शरीरातल्या पेशी एकमेकींशी बोलतात त्या बारीक प्रथिनांच्या रूपाने. एक पेशी ते बाहेर सोडते, दुसरीच्या अंगावर त्याच्यासाठी नेमकी खाच असते, तिथे ते बसले की आतल्या आत रासायनिक धावपळ सुरू होते आणि दुसरी पेशी आपली वागणूक बदलते. या निरोप्यांना सायटोकाइन म्हणतात. महाभक्षक पेशी एरवी सुस्त असते. टी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशीकडून तिला योग्य निरोप आला की ती चवताळते, आपल्या पोटात विषारी ऑक्सिजन संयुगे आणि नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि आत दडलेल्याला मारते. हा निरोप नेमका कोणता, याचा शोध न्यूयॉर्कमध्ये कार्ल नेथन, हेन्री मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये लावला. तो होता इंटरफेरॉन-गॅमा. मरे यांनी पुढची सारी कारकीर्द लिशमॅनियाला वाहिली आणि १९८९ मध्ये एक मोलाची गोष्ट दाखवली. टी-पेशी नसलेल्या उंदरांना काळ्या आजाराची लागण करून अँटिमनी दिले, तर ते औषध कुचकामी ठरते. म्हणजे ब्रह्मचारींच्या काळापासून ज्या औषधाने माणसे वाचत होती, ते एकटे लढतच नव्हते. शरीराचा निरोप बरोबर असला, तरच ते विजयी होत होते.

याच सुमारास कॅलिफोर्नियात पालो आल्टोच्या डीएनएएक्स संस्थेत टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन उंदरांच्या टी-पेशींचे वाण वाढवत होते. वरून सारख्या दिसणाऱ्या मदतनीस टी-पेशी प्रत्यक्षात दोन घराण्यांत मोडतात, असे त्यांनी १९८६ मध्ये मांडले. पहिले घराणे इंटरफेरॉन-गॅमा सोडते आणि महाभक्षक पेशींना लढायला उठवते. दुसरे इंटरल्यूकिन-४ सोडते आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना बळ देते. शिवाय ही दोन घराणी एकमेकांना दाबतात. मांडणी प्रयोगशाळेच्या काचेच्या बशीतली होती. खऱ्या आजारात असे घडते का, याची परीक्षा बाकी होती आणि ती लिशमॅनियाने घेतली.

उंदरांच्या दोन जाती संशोधकांना ठाऊक होत्या. लिशमॅनिया मेजर ही या परजीवीची चुलत जात, कातडीवर फोड आणणारी. तिची लागण पंजात केली की काळ्या सी-५७ उंदराला फोड येतो आणि काही आठवड्यांत बरा होतो. पांढऱ्या बॅल्ब-सी उंदराचा पंजा मात्र सडत जातो, परजीवी अंगभर पसरतो आणि उंदीर मरतो. परजीवी एकच, शेवट दोन. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात रिचर्ड लॉक्सले यांच्या गटातले फ्रेड हाइन्झेल आणि इतरांनी १९८९ मध्ये दोन्ही उंदरांच्या गाठींमधले निरोप मोजले. कॉफमनही या कामात होते. बऱ्या होणाऱ्या उंदरात इंटरफेरॉन-गॅमा, मरणाऱ्यात इंटरल्यूकिन-४. मरणाऱ्या उंदराला लागणीच्या वेळीच इंटरल्यूकिन-४ निकामी करणारे प्रतिपिंड टोचले, तर तोही बरा होतो, हे पुढच्या वर्षी दिसले. पाठोपाठ तिसरा निरोप्या सापडला, इंटरल्यूकिन-१२. महाभक्षक आणि तिच्या सोबतच्या पेशी हा निरोप टी-पेशींना धाडतात आणि त्यांना पहिल्या घराण्यात ओढतात. १९९३ मध्ये तो बॅल्ब-सी उंदरांना टोचला गेला, आणि ज्यांचे मरण ठरलेले होते ते उंदीर जगले.

त्या काळातले शोधनिबंध आजही वाचावेत असे आहेत. इतकी स्वच्छ मांडणी जीवशास्त्रात क्वचित भेटते. पाठ्यपुस्तकांनी ती उचलली आणि जगभरचे विद्यार्थी ती पाठ करू लागले. परजीवीची चालही तिच्यात चपखल बसली. लिशमॅनिया महाभक्षक पेशीत शिरतो तो आवाज न करता, जुन्या पेशींचा कचरा उचलण्यासाठी ठेवलेल्या मागच्या दाराने. एरवी जंतू गिळल्यावर जो इंटरल्यूकिन-१२ चा हाकारा व्हायला हवा, तो होतच नाही. त्याच्या अंगावरचे जीपी-६३ नावाचे विकर पेशीच्या आतल्या संदेशवाहक प्रथिनांची मोडतोड करते, त्यामुळे बाहेरून इंटरफेरॉन-गॅमाचा निरोप आला तरी तो आतपर्यंत नीट पोचत नाही. शिपायाच्या कानात बोळे घातले जातात.

मग डॉक्टर माणसांकडे वळले. उंदरात जे चालले ते माणसात चालायला हवे होते. ब्राझीलमध्ये १९९० मध्ये आणि बिहारमध्ये त्यानंतर काही वर्षांत, अँटिमनीला दाद न देणाऱ्या रुग्णांना सोबत इंटरफेरॉन-गॅमाची इंजेक्शने दिली गेली. बिहारमधले काम बनारस हिंदू विद्यापीठाचे श्याम सुंदर आणि न्यूयॉर्कचे मरे यांनी केले. पहिले अनुभव आशेचे होते. काही हताश रुग्ण खरोखर बरे झाले. पण पद्धतशीर चाचणी झाली तेव्हा निराशा पदरी आली. उत्तर बिहारात तोवर अँटिमनीच निष्प्रभ होत चालले होते, आणि इंटरफेरॉनची जोड दिल्याने पारडे पुरेसे फिरत नव्हते.

त्या बिहारची परिस्थितीही सांगायला हवी. मलेरिया निर्मूलनासाठी १९५० च्या दशकात घरोघरी डीडीटी फवारले गेले, त्यात वाळूमाशीही मेली आणि काळा आजार जवळपास दिसेनासा झाला. फवारणी थांबली आणि १९७७ मध्ये मुझफ्फरपूर, वैशाली, समस्तीपूर, सीतामढीच्या पट्ट्यात तो पुन्हा उसळला. १९९२ मध्ये देशात ७७ हजारांवर रुग्ण आणि १,४१९ मृत्यू नोंदले गेले, आणि नोंद न झालेले किती असतील ते कुणी मोजले नाही. वाळूमाशीला मातीच्या भिंतींच्या भेगा, शेणाची ओल आणि अंगणात बांधलेली गुरे लागतात. त्यामुळे हा आजार मुसहरांसारख्या भूमिहीन वस्त्यांचा आजार होता आणि आहे. औषध अनेकदा कमी मात्रेत किंवा अर्धवट घेतले जाई, काही वेळा बाजारात मिळणारे औषधच नकली किंवा निकृष्ट असे. अपुऱ्या औषधाने परजीवी मरत नव्हता, कणखर होत होता.

याच लोकांच्या पाणथरीतले थेंब मग पेशींच्या भाषेत वाचले गेले. मांडणीनुसार आजारी माणसाच्या पाणथरीत दुसऱ्या घराण्याचा, म्हणजे इंटरल्यूकिन-४ चा बोलबाला असायला हवा होता आणि इंटरफेरॉन-गॅमाचा दुष्काळ. तसे आढळले नाही. सुदानमध्ये १९९३ च्या सुमारास आणि पुढे मुझफ्फरपूरमध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या डेव्हिड सॅक्स यांच्या गटासोबत केलेल्या अभ्यासांत, पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसली. या मरणासन्न माणसांच्या शरीरात इंटरफेरॉन-गॅमा भरपूर तयार होत होते. लढाईचा आदेश सुटलेला होता. तरीही महाभक्षक पेशी लढत नव्हत्या. कारण त्याच वेळी तिथे आणखी एक निरोप्या मुबलक होता, इंटरल्यूकिन-१०.

इंटरल्यूकिन-१० हा शरीराचा लगाम आहे. मॉसमन यांच्याच प्रयोगशाळेत तो १९८९ मध्ये सापडला होता, इतर निरोपांचे उत्पादन थांबवणारा घटक म्हणून. महाभक्षक पेशीला तो शांत करतो, तिचे मारक रसायन बंद करतो. तो नसला तर काय होते, हे टोक्सोप्लाझ्मा नावाच्या दुसऱ्या परजीवीने दाखवले. इंटरल्यूकिन-१० नसलेल्या उंदरांना त्याची लागण केली तेव्हा त्यांनी परजीवीला आटोक्यात ठेवले, आणि तरीही ते मेले. स्वतःच्याच दाहाने मेले. लढाई कधी थांबवायची हे सांगणारा निरोप्या नसेल तर शरीर स्वतःलाच जाळते. लिशमॅनिया याच शहाणपणाच्या आड उभा आहे.

सुझान नायलेन, सुंदर, सॅक्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पाणथरीच्या थेंबांत हा इंटरल्यूकिन-१० कोणत्या पेशी बनवतात ते शोधले. दडपण्याचेच काम असलेल्या नियामक पेशींवर संशय होता, पण त्या निघाल्या नाहीत. साध्या मदतनीस टी-पेशीच ते करत होत्या. उपचारांनंतर हा निरोप ओसरत होता. सॅक्स यांच्याच गटाने त्याच वर्षी उंदरांत दाखवले की इंटरफेरॉन-गॅमा सोडणारी पेशीच इंटरल्यूकिन-१०सुद्धा सोडते. एकाच पेशीच्या एका हातात चाबूक आणि दुसऱ्या हातात लगाम. दोन वैरी घराण्यांच्या मांडणीत हे बसत नव्हते. ती मांडणी खोटी ठरली असे मी म्हणणार नाही, कातडीच्या फोडात आणि उंदरात ती आजही खरी आहे. पण काळ्या आजाराने मरणाऱ्या माणसाची कथा तिने सांगितली नव्हती. पुढे मुझफ्फरपूरच्याच रुग्णांच्या पाणथरीतल्या पेशी बशीत ठेवून त्यांतला इंटरल्यूकिन-१० निकामी केला, तेव्हा परजीवी घटले. हा थेंबाने दिलेला थेट पुरावा.

महाभक्षक पेशीच्या आत हा खेळ कसा होतो, त्याचा सर्वांत नेटका उलगडा आपल्या पुण्यात झाला याचा मला अभिमान वाटतो. गणेशखिंडीत, पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे. तिथे भास्कर साहा यांच्या प्रयोगशाळेत २००३ आणि २००४ मध्ये सीडी-४० या रेणूवर काम झाले. महाभक्षक पेशीच्या अंगावरचा हा एक खटका आहे, टी-पेशी येऊन तो दाबते. त्या खटक्यामागून आत दोन तारा जातात. खटका जोरात दाबला तर पी-३८ नावाची तार जिवंत होते आणि पेशी इंटरल्यूकिन-१२ सोडते, म्हणजे लढाई. हलका दाबला तर ईआरके नावाची तार जिवंत होते आणि पेशी इंटरल्यूकिन-१० सोडते, म्हणजे शांतता. शिवाय एक तार चालू झाली की ती दुसरीला दाबते. लिशमॅनियाने व्यापलेल्या पेशीत टी-पेशीने खटका कितीही नीट दाबला तरी पी-३८ ची तार मुकी राहते आणि ईआरकेची वाजते. मदतीला आलेल्या पेशीचा निरोप तोच असतो, ऐकणारीच्या कानात त्याचा अर्थ उलटा होतो.

पुण्याच्या गटाने २००९ मध्ये आणखी खोलात जाऊन यामागचे एक कारण दाखवले. पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉलचे दाट ठिगळासारखे भाग असतात आणि सीडी-४० तिथे असेल तर लढाईची तार जोडली जाते. परजीवी आवरणातले कोलेस्टेरॉल कमी करतो, ठिगळे विस्कटतात, जोडणी बदलते. आणि हे नुसते निरीक्षण नव्हते. पी-३८ ला बाहेरून चेतवणारे रसायन दिल्यावर उंदरांतली लागण उतरत होती. तार तुटलेली नव्हती, ती पुन्हा जोडता येत होती.

त्यानंतर चार वर्षांनी कोलकात्याहून एक निष्कर्ष आला. माझ्या मते सगळ्या कथेतला सर्वांत अस्वस्थ करणारा तोच. श्यामल रॉय आणि सहकाऱ्यांनी भारतीय रासायनिक जीवविज्ञान संस्थेत अँटिमनीला न जुमानणारे आणि जुमानणारे परजीवी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. न जुमानणाऱ्यांनी महाभक्षक पेशीकडून कितीतरी जास्त इंटरल्यूकिन-१० वसूल केले. त्या इंटरल्यूकिन-१० मुळे पेशीने आपल्या आवरणावर एमडीआर-१ नावाचे उपसापंप वाढवले. या पंपांनी अँटिमनी पेशीबाहेर फेकले. म्हणजे बिहारमध्ये औषध निकामी झाले त्यामागे परजीवीच्या स्वतःच्या अंगातले बदल होतेच, पण त्याने यजमानाच्याच निरोप्याला हाताशी धरून यजमानाच्याच पेशीकडून औषध बाहेर टाकून घेतले होते. ब्रह्मचारींचे औषध आणि शरीराचा निरोप यांचे जे नाते मरे यांनी दाखवले होते, त्याची ही दुसरी, काळी बाजू.

मग इंटरल्यूकिन-१० अडवून काळा आजार बरा का करू नये? विचार झाला, पण पाऊल जपून टाकावे लागते. सॅक्स यांच्याच प्रयोगशाळेत यास्मिन बेलकैद यांनी २००२ मध्ये दाखवले की बऱ्या झालेल्या उंदराच्या कातडीतही काही परजीवी शिल्लक राहतात आणि नियामक पेशी इंटरल्यूकिन-१० च्या मदतीने त्यांना तिथे राहू देतात. त्या पेशी काढल्या तर शेवटचा परजीवीही मरतो. आणि मग तो उंदीर पुन्हा लागण झाली की आजारी पडतो, त्याची कमावलेली प्रतिकारशक्ती नाहीशी झालेली असते. उरलेले थोडे शत्रू शरीराला सावध ठेवत होते. पश्चिम आशियातल्या आया मुलांना झाकल्या जागी मुद्दाम फोडाची लस टोचून घेत, म्हणजे पुढे चेहरा विद्रूप होऊ नये. आयुष्यभराच्या संरक्षणाचे ते लोकज्ञान याच गोष्टीवर उभे होते.

माणसांतला आजार मात्र वेगळ्या वाटेने हटला. २००५ मध्ये भारत, नेपाळ आणि बांगलादेशाने निर्मूलनाचा करार केला. रक्ताच्या एका थेंबावर दहा-पंधरा मिनिटांत निदान करणारी आरके-३९ ची पट्टी आली, तोंडावाटे घेण्याचे मिल्टेफोसिन आले, आणि २०१० मध्ये सुंदर यांच्या गटाने दाखवले की लिपोसोमल अँफोटेरिसिनची एकच शिरेतली मात्रा शंभरात पंच्याण्णवहून अधिक रुग्णांना बरे करते. हे औषध परजीवीचे आवरण थेट फोडते, शरीराच्या निरोपांवर फारसे अवलंबून राहत नाही. बांगलादेशाने ऑक्टोबर २०२३ मध्ये जगात पहिल्यांदा निर्मूलनाचा दाखला मिळवला. भारतात नोंदल्या जाणाऱ्या रुग्णांची वार्षिक संख्या आता हजाराच्या आत आली आहे.

पण लगाम अजून परजीवीच्या हातून पुरता सुटलेला नाही. काळा आजार बरा झाल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी भारतातल्या शंभरातल्या पाच-दहा जणांच्या कातडीवर फिकट डाग किंवा गाठी उमटतात. ब्रह्मचारींनी हा विकार १९२२ मध्येच ओळखला होता. या डागांतही इंटरल्यूकिन-१० चढलेले सापडते. ताप नसतो, दुखत नाही, माणूस कामावर जातो, दवाखान्यात येत नाही. वाळूमाशी त्या डागातून परजीवी उचलते आणि शेजारच्याला देते. एचआयव्हीने मदतनीस टी-पेशी संपवल्या की वर्षानुवर्षे गप्प असलेला परजीवीही असाच उठून बसतो.

बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालच्या ५४ जिल्ह्यांत हा आजार आहे, आणि त्या जिल्ह्यांतली माणसे आज मुंबई, पुणे, नाशिकच्या बांधकामांवर राबत आहेत. इथल्या डॉक्टरांनी आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी एवढे करावे. दोन आठवड्यांहून जुना ताप मलेरियाच्या औषधाने किंवा प्रतिजैविकाने उतरत नसेल आणि डाव्या फासळ्यांखाली पाणथरी हाताला लागत असेल, तर रुग्णाला त्याचा जिल्हा विचारा. मुझफ्फरपूर, वैशाली, सारण, दुमका असे उत्तर आले तर आरके-३९ ची पट्टी करून घ्या. या आजारावरचे उपचार सरकारी व्यवस्थेत मोफत मिळतात.